इंटरनेट दूरध्वनी गेटवेवरील बहिर्गामी मार्गयोजना : एक चिकित्सा

यंत्राच्या नियमतक्त्याची समीक्षा करणे काही वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु नियमतक्ता हाही मनुष्याने लिहिलेला मजकूर आहे, आणि त्यात लेखकाची गृहीतके दडलेली असतात. कोणता क्रमांक फिरविल्यास कॉल कोणत्या वाटेने बाहेर पडावा, हे गेटवेवर ठरविणाऱ्या तक्त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वाट कोणी निवडावी हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेतील अल्मन स्ट्रोजर हा अंत्यविधीचा व्यवसाय करी. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते या संशयातून तो स्वयंचलित एक्स्चेंजकडे वळला, असे सांगितले जाते. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळाले. ऑपरेटर गेली, तरी निवड करणारा कोणीतरी उरलाच.

उपलब्ध मार्गदर्शक पुस्तिकांतील मुख्य दोष असा की, त्यांतील नमुने बहुधा उत्तर अमेरिकेच्या क्रमांकपद्धतीवर बेतलेले असतात. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘अ‍ॅस्टरिस्क’ या मुक्त प्रणालीत ‘एक्स’ म्हणजे कोणताही अंक आणि ‘एन’ म्हणजे २ ते ९ पैकी अंक, अशी सुटसुटीत लिपी आहे. लिपी निर्दोष आहे. तिच्यात लिहिलेले नमुने मात्र बाहेरच्या लाइनसाठी ९ आणि आपत्काळासाठी ९११ धरून चालतात. आपल्याकडे बाहेरच्या लाइनसाठी सहसा ० वापरतात, त्यापुढे एसटीडीचा ० येतो, आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करतानाही आधी ० लावावा लागतो. त्यापूर्वी केलेला ‘दहा अंकी क्रमांक जसाच्या तसा पाठवा’ हा नियम लँडलाइनच्या पोर्टवर त्या दिवसापासून निकामी झाला. याउलट सिप ट्रंक पुरविणारा देशाच्या ९१ या संकेतांकासह क्रमांक मागत असेल, तर तेथे तोच ० काढून टाकावा लागतो. म्हणजे एकाच क्रमांकाला वाटेगणिक वेगळे रूप द्यावे लागते. २००० नंतरच्या दशकात मुंबईहून पुण्याला ९५२० लावून फोन करता येई. पुढे ९५ ने सुरू होणारे मोबाइल क्रमांक आले. त्या काळचा नियम तक्त्यात राहिला असेल, तर तो आज भलतेच क्रमांक गिळतो.

आता एक उदाहरण कल्पू. संस्थेचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे, तिची शाखा वडगाव रासाई येथे आहे आणि गेटवे पुण्यात आहे. वडगाव रासाई शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी वसले आहे. पलीकडे दौंड तालुका. शिरूरचा संकेतांक ०२१३८, दौंडचा ०२११७. नदी ओलांडली की दूरध्वनीचा प्रदेश बदलतो, पण गेटवेला नदी ठाऊक नसते. शाखेतून शिरूरला केलेला फोन पुण्यातून बाहेर पडतो आणि घेणाऱ्यास ०२० ने सुरू होणारा क्रमांक दिसतो. हे चालून जाईल. ११२ ला केलेला फोनही पुण्यातूनच बाहेर पडला तर मात्र चालणार नाही. रुग्ण भीमाकाठी असताना पलीकडच्या माणसाला पुण्याचा पत्ता दिसेल. ‘स्वस्त वाट प्रथम’ या तत्त्वाची प्रशंसा करणाऱ्या पुस्तिका याविषयी सहसा मौन पाळतात. त्याहून साधा आणि अधिक आढळणारा प्रमाद असा : लहान कार्यालये अंतर्गत क्रमांक १०१ पासून देत जातात. मग १०८ फिरविल्यावर रुग्णवाहिकेऐवजी ग्रंथालयाची घंटा वाजते! अंतर्गत क्रमांक चार अंकी ठेवावेत, ही सूचना पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असावयास हवी.

प्रस्तुत लेखकाच्या मते अशा शाखेत लँडलाइनचे एक पोर्ट असलेला छोटा गेटवे ठेवणे, आणि १००, १०१, १०८ व ११२ हे क्रमांक शून्यासह व शून्याविना, दोन्ही प्रकारे फिरविले तरी प्रथम त्या पोर्टवर जातील असा नियम सर्वांत वर लिहिणे आवश्यक आहे. तांब्याच्या तारेवरील जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून वीज मिळे. गेटवे मात्र वीज गेली की मुका होतो. म्हणून बॅटरीचा विचार मार्गयोजनेतच यावा. आंतरराष्ट्रीय ००चा नियम सरसकट खुला ठेवू नये. चोरट्यांना रात्री तीच वाट सापडते, आणि बिल महिनाअखेरीस येते.

मार्गयोजनेला कायद्याचीही बाजू आहे. १ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेट टेलिफोनीस मर्यादित मुभा मिळाली. तथापि ती देशांतर्गत दूरध्वनी जाळ्याशी जोडण्यास इंटरनेट सेवादात्यांना परवानगी नव्हती. दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये प्रवेश-सेवेच्या परवानाधारकांबाबतच्या अटी बदलल्यानंतर चित्र पालटले. त्यामुळे त्यापूर्वीच्या पुस्तिकेतील ‘शाखेचा एसटीडी कॉल इंटरनेटवरून नेऊन दुसऱ्या गावी लँडलाइनवर सोडा’ हा काटकसरीचा सल्ला त्या काळी बेकायदा ठरणारा होता. परदेशी लेखकाला हे ठाऊक नसणे क्षम्य आहे. तो सल्ला जसाच्या तसा उतरवून घेणाऱ्या आपल्या अनुवादकाबाबत तसे म्हणता येत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने लँडलाइनचे क्रमांक तालुक्यासारख्या लहान क्षेत्राऐवजी संपूर्ण सेवाक्षेत्रावर आधारित दहा अंकी करावेत आणि लँडलाइनवरून लँडलाइनला फोन करतानाही ० लावावा, अशी शिफारस केली आहे. ती अमलात आल्यास शिरूरमधल्या शिरूरमध्ये केवळ स्थानिक अंक फिरविण्याचा नियम तक्त्यातून काढावा लागेल.