रिअल-टाइम संकेत संस्करणाचे प्रकल्पाधारित अध्यापन : एका पाठ्यपुस्तकाची चिकित्सा

रल्फ चॅसेंग यांचे सी-6713 व सी-6416 डीएसके संचांवर आधारित अंकीय संकेत संस्करणाचे पाठ्यपुस्तक 2005 मध्ये वायली या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. मायक्रोफोनवरील आवाज संचात घ्यावा, फिल्टरमधून काढावा आणि स्पीकरवर ऐकावा, या अनुभवाने फळ्यावरील समीकरणास अर्थ प्राप्त होतो. एफआयआर, आयआयआर, एफएफटी व अनुकूली फिल्टर या क्रमाने ग्रंथ विद्यार्थ्यास दहाव्या प्रकरणातील विद्यार्थी-प्रकल्पांपर्यंत नेतो. त्याचे हे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि ‘रिअल-टाइम’ या संज्ञेस ग्रंथाच्या रचनेत मिळालेले स्थान चिंत्य आहे. सेकंदाला 8,000 नमुने घेतल्यास दोन नमुन्यांमध्ये 125 मायक्रोसेकंद मिळतात. 225 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या सी-6713 प्रोसेसरला या अवधीत 28,125 क्लॉक सायकल उपलब्ध असतात. नमुनादर 48,000 केल्यास त्या सुमारे 4,687 उरतात. समजा, 400 गुणकांच्या एफआयआर फिल्टरला प्रत्येक गुणकामागे 20 सायकल लागतात, म्हणजे एकूण 8,000. हा फिल्टर पहिल्या दराने सुरळीत चालेल. दुसऱ्या दराने नमुने हुकतील व आवाज बिघडेल. गणित दोन्ही वेळी अचूकच असते. उत्तर मात्र दुसऱ्या वेळी उशिरा येते. रिअल-टाइम प्रणालीत उशिरा आलेले उत्तर हे चुकलेलेच उत्तर होय.

ही मर्यादा पहिल्या प्रयोगापासून लागू असते. परंतु प्रोग्रामच्या वेगवृद्धीचे स्वतंत्र प्रकरण आठवे आहे. परिणामी तयार प्रोग्राम चालवून आवाज ऐकला की प्रकल्प सिद्धीस गेला, असा समज होण्याचा धोका संभवतो. आरंभीच वेगवृद्धी शिकविल्यास नवशिक्यांवर भार पडेल, हा आक्षेप रास्त आहे. मात्र वेळ वाढविणे आणि वेळ मोजणे या भिन्न गोष्टी आहेत. इंटरप्टचे काम सुरू होताना एक आउटपुट उंच व संपताना खाली करावे. ऑसिलोस्कोपवर दिसणारी स्पंदाची रुंदी म्हणजेच खर्च झालेला वेळ. एवढे द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यासही साधते.

हे डीएसके संच आज कालबाह्य झाले असले, तरी हा मुद्दा नव्या संचांनाही लागू पडतो. म्हणून प्रकल्प-अहवालात उपलब्ध वेळ, खर्च झालेला वेळ आणि गुणक वाढवीत नेल्यावर प्रणाली कोठे कोलमडते, या तीन नोंदी अनिवार्य असाव्यात. गुणदान केवळ ऐकू येणाऱ्या आवाजावर होत राहील, तोवर ‘प्रत्यक्ष कार्यातून शिक्षण’ हे प्रात्यक्षिकाच्या पुनरावृत्तीपलीकडे जाणार नाही.