‘या’पासून ‘या’पर्यंत

मळवली स्थानकावर उतरून, द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गावाकडे निघालं की स्वागताच्या दोन भाषा भेटतात. एक पाटीवरची: ‘आपले हार्दिक स्वागत आहे’, ‘चुलीवरचे जेवण मिळेल’. दुसरी ओट्यावरची: ‘या. बसा. पाणी घ्या. लांबून आलात जणू?’ पाटीवरची भाषा शुद्ध आहे, सजवलेली आहे. ओट्यावरच्या चार वाक्यांत एकही विशेषण नाही. तरीही लेणी पाहून किंवा लोहगड उतरून आलेला माणूस थांबतो तो या दुसऱ्या भाषेपाशी. का, ते शब्दांत शिरून पाहावं लागतं.

‘आपले हार्दिक स्वागत आहे’ या वाक्याचा कर्ता ‘स्वागत’. पाहुणा षष्ठीत, एका कोपऱ्यात उभा. ओट्यावरच्या वाक्यांत मात्र प्रत्येक क्रिया पाहुण्याची आहे. यायचं त्याने, बसायचं त्याने, पाणी घ्यायचं त्याने. यजमानीणबाईंच्या वाट्याला एकच क्रियापद येतं, तेही थोडं उशिरा: ‘चहा टाकते.’ ‘तुम्ही आलात, मला फार आनंद झाला’ असं कुणी म्हणत नाही. स्वतःच्या भावनेबद्दल चकार शब्द न काढता समोरच्याचे थकलेले पाय, कोरडा घसा, रिकामं पोट यांची एकेक करून दखल घेणं हा या बोलीचा स्वभाव. पहिली तिन्ही वाक्यं आज्ञार्थी आहेत, पण हुकमाचा वास कुठेच नाही. कारण आज्ञेबरोबर बहुवचन आलंय आणि अधूनमधून एक ‘की’ पेरलाय. ‘बसा की वाईच’ यातला ‘की’ काढून टाका, वाक्य लगेच ताठ होतं.

हे बहुवचन या डोंगराला नवं नाही. भाजे लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासूनची. चैत्यगृहाच्या दक्षिणेला चौदा स्तूपांचा एक समूह आहे, पाच कातळाच्या आत आणि नऊ बाहेर. दिवंगत थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ बौद्ध भिक्षूंच्या, स्मरणार्थ ते कोरलेले आहेत आणि काहींवर नावं आहेत. धम्मगिरी हे त्यातलं एक, संघदिन हे दुसरं. प्राकृतात कोरलेल्या या नावांना षष्ठीचं बहुवचन लावलंय. स्तूप एकाचा, व्यक्ती एक, पण उल्लेख अनेकांचा करावा तसा. आपण एकट्या पाहुण्याला ‘या’ म्हणतो तेव्हा हाच संकेत पाळतो. आदर दाखवायला वेगळा शब्द शोधायचा नाही, एकाला अनेक मानायचं.

आणि मग पाणी. महाराष्ट्रात पाहुणचाराची किमान पायरी पाण्याची. एखाद्या घराबद्दलची सर्वांत कडवट तक्रार असते, ‘साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.’ भाज्यातल्या एका पाण्याच्या टाक्यावर ‘महारठी’ ही पदवी लावणाऱ्या कोसिकीपुत विण्हुदताचा लेख आहे. ही ‘पोढी’, म्हणजे हे टाकं, आपलं धर्मदान असल्याचं तो सांगतो. लेख लहानसा. त्यात देणाऱ्याचं नाव आहे, पिणाऱ्याचं नाही. ओट्यावरच्या बोलीत हे उलटं होतं. देणारीचं नाव वाक्यात कुठेच नसतं, पिणारा मात्र प्रत्येक क्रियापदाचा धनी असतो. दान नोंदवून ठेवायचं असतं, पाहुणचार नोंदवायचा नसतो, एवढा फरक या दोन मजकुरांतून वाचता येतो.

ही घडण केवळ मराठीची नाही, हे तमिळ घराच्या उंबरठ्यावर कळतं. तिथे पाटीवर किंवा तोरणावर लिहिलेलं असतं ‘नल्वरवु’, म्हणजे शुभ आगमन. पुन्हा एक नाम. तोंडून मात्र निघतं, ‘वांग, वांग, उळ्ळे वांग’: या, या, आत या. ‘वा’ हा धाकट्याला किंवा जवळच्याला. त्याला बहुवचनी शेपूट जोडलं की झालं आदराचं ‘वांग’. मराठीचं कूळ वेगळं, तमिळचं वेगळं, पण पाहुण्यासमोर दोघी एकाच वळणाने वागतात. उच्चार दोनदा करणं हीही सामाईक लकब. एकदाच ‘या’ म्हटलं तर ती परवानगी वाटते, ‘या या’ म्हटलं की बोलावणं होतं.

खरी गंमत अव्ययांत आहे. पाहुणा पहिल्यांदा ‘नको’ म्हणणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. मग मराठी यजमान म्हणतो, ‘चहा तरी घ्या.’ तमिळ यजमान म्हणतो, ‘कापियावदु कुडिंग’, कॉफी तरी घ्या. ‘तरी’ आणि ‘आवदु’ एकच काम करतात. जेवणाचा मोठा आग्रह तुम्ही मोडलात, हे न बोलता मान्य करतात आणि एक छोटी मागणी पुढे ठेवतात. नकाराला वाट मोकळी ठेवून होकार सोपा करणारी ही अक्षरं. त्यांच्या जोडीला ‘घोटभर’ येतो आणि चहा इतका लहान होतो की त्याला नाही म्हणणं हाच उद्धटपणा ठरावा.

याच्या विरुद्ध टोकाला ‘च’ उभा असतो. ‘जेवूनच जायचं’ आणि तमिळातलं ‘सापिट्टुट्टुत्तान पोगणुम’. ‘तरी’ सवलत देतो, ‘च’ सगळ्या पळवाटा बंद करतो. मावळात पाऊस लागला की या ‘च’ला निसर्गाचीही साथ मिळते: ‘आता उघडल्याशिवाय जाऊच नका.’ मग इंद्रायणी तांदळाच्या भाताचा वास सुटेपर्यंत पाहुण्याचा प्रतिकार संपलेला असतो. आग्रह हे भांडणाचं सौम्य रूप आहे आणि त्यात हरण्यातच पाहुण्याची सभ्यता आहे. ‘तरी’पासून ‘च’पर्यंत जायचं की उलट्या दिशेने यायचं, हे समोरच्याचा चेहरा वाचून ठरतं. ते ज्याला जमतं त्याचा आग्रह गोड, न जमेल त्याचा जाच.

निरोपाच्या वेळी पुन्हा तोच धातू कामाला येतो. पाहुणा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. घरची माणसं उत्तर देतात, ‘बरं, या.’ तमिळमध्ये पाहुणा म्हणतो ‘पोयिट्टु वरेन’, जाऊन येतो, आणि यजमान म्हणतो ‘पोयिट्टु वांग’. तमिळने जाणं उच्चारलं आणि लगेच येण्याने झाकलं. मराठीने ते उच्चारलंच नाही. आल्याआल्या ऐकलेलं ‘या’ आणि निघताना ऐकलेलं ‘या’ यांत अक्षराचाही फरक नसतो, फक्त सूर खाली उतरलेला असतो. पहिलं घडणाऱ्या येण्याला उद्देशून, दुसरं न घडलेल्या.

एवढ्यावर थांबलं तर रसग्रहण भाबडं होईल. ‘ये’, ‘या’ आणि ‘यावं’ अशा पायऱ्या भाषेत आहेत, म्हणजे कुणाला कोणत्या पायरीवर उभं करायचं हे ठरवणारंही कुणीतरी होतं. गावगाड्यात ते जात ठरवत असे. अंगणाबाहेर थांबवलेल्याला ना बहुवचन होतं ना तांब्या. वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेलायचं. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो याच महाराष्ट्रात. ‘पाणी घ्या’ हे वाक्य किती जणांना ऐकायला मिळालं नाही, हे ध्यानात ठेवूनच त्याचं सौंदर्य मोजायला हवं.

त्या दृष्टीने पाहिलं तर सुट्टीच्या दिवशी भाज्यात जे चालतं त्याला केवळ बाजार म्हणून नाक मुरडता येत नाही. पैसे देऊन पिठलं-भाकरी खाणाऱ्या गिर्यारोहकालाही ‘या, बसा, पाणी घ्या’ हीच वाक्यं ऐकू येतात. त्याचं आडनाव, गाव, जात कुणी विचारायच्या आधी. जुन्या पाहुणचारात जिव्हाळा जास्त असेल, पण त्याचा ‘या’ निवडक होता. हिशेबाच्या वहीने ती निवड थोडी तरी सैल केली. चार वाक्यं जुनीच आहेत. ती ऐकण्याचा हक्क आता अधिक माणसांकडे आहे, आणि माझ्या लेखी या मजकुरात अलीकडे पडलेली सर्वांत मोलाची भर हीच.