कॅमेरा कोणाच्या हातात?

जानेवारीत स्पितीला जायच्या आधी बायकोने आणि मी मिळून नवरा-बायकोंचे वीसेक व्लॉग पाहिले. साचा एकच. ड्रोनमधून की गोंपा, गाडीच्या काचेवर बर्फ, उणे वीस दाखवणारा मोबाइल, तिचं थंडीने लाल झालेलं नाक आणि काझाला पोचल्यावर ‘वी डिड इट!’ माहिती उपयोगी असते, हे मान्य. कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असते, म्हणून मनालीकडून न जाता शिमला-किन्नौरमार्गे जायचं, हे मला व्लॉगमधूनच कळलं. तक्रार वेगळी आहे.

व्लॉगमध्ये माणसं दोन असतात, प्रवास मात्र एकाचाच. बहुतेक वेळा कॅमेरा त्याच्या हातात, ती फ्रेममध्ये. रस्ता, उंची, थंडीत गोठणारं डिझेल यावर तो बोलतो. ती ‘ओ माय गॉड’ म्हणते. या थंड वाळवंटात हिवाळ्यात नळाचं पाणी गोठतं, बादलीने आणावं लागतं, संडास पाण्याशिवायचा. अशात पाळी आली तर काय करायचं, पॅड कुठे टाकायचं, हे वीसांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. बायकोला ते तिथे जाऊन कळलं. होमस्टेमधल्या ज्या ताई पाणी आणतात, बुखारी पेटवतात, त्या तर दोन सेकंद हसून गायब.

आपल्याकडे हे नवीन नाही. पुलंच्या ‘अपूर्वाई’तल्या (१९६०) प्रवासात सुनीताबाई बरोबर होत्या. पुस्तक मला आजही आवडतं. पण त्यात त्या दिसतात पुलंच्या नजरेतूनच. त्यांचं स्वतःचं म्हणणं वाचायला १९९० उजाडावं लागलं. ‘आहे मनोहर तरी’ आलं, आणि तेही प्रवासाचं नव्हे, संसाराचं.

परत आल्यावर मीही नऊ मिनिटांचा व्हिडिओ बनवला. तिला दाखवला.

‘‘छान झालाय. पण यात मी कुठे आहे?’’

‘‘अगं, प्रत्येक शॉटमध्ये आहेस!’’

‘‘दिसतेय रे. आहे कुठे?’’

मला आधी राग आला. मग फुटेज पुन्हा पाहिलं. ताबोला मी बाहेर ड्रोनच्या गारठलेल्या बॅटरीशी झटत होतो, तेव्हा ती आत मठात तासभर बसली होती. मठ इसवी सन ९९६चा. जुन्या देवळात फोटो काढायला मनाई आहे. म्हणजे तिच्या प्रवासातला सगळ्यात महत्त्वाचा तास माझ्या व्हिडिओत नाही, कारण तिथे कॅमेराच नव्हता. एवढ्यावरही मला माफ करता आलं असतं. पण व्हिडिओत नसलेल्या त्या तासाबद्दल मी तिला विचारलंही नव्हतं.

आता दुसऱ्यांच्या व्लॉगना नावं ठेवताना मी जरा सांभाळून बोलतो. माझा व्हिडिओ अजून अपलोड केलेला नाही. ‘‘आत काय पाहिलंस?’’ हे मी तिला विचारलं, तेव्हा परत येऊन तीन आठवडे झाले होते.