हर्पिस आणि एचआयव्ही : एकाच पेशीतील संबंधाची चिकित्सा

प्रस्तावना

जननेंद्रियांवर व्रण आणणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्स-२ या विषाणूमुळे एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या रुग्णांवरील अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात, ज्यांना हर्पिसची लागण नुकतीच झाली होती त्यांच्यात हा धोका जवळजवळ पावणेचारपट आढळला. आपल्याकडे ज्याला नागीण म्हणतात तो आजार याच कुळातील दुसऱ्या विषाणूचा आहे. दोहोंची गल्लत करू नये. हा धोका का वाढतो, याचे एक उत्तर 'दोन्ही विषाणू एकाच पेशीत शिरतात' असे दिले जाते. प्रस्तुत लेखात या उत्तराची चिकित्सा केली आहे.

प्रयोगशाळेतील पुरावा

हर्पिस सिम्प्लेक्स-१ मुळे सुप्त एचआयव्हीचे जनुक पुन्हा कार्यरत होऊ शकतात, हे १९८७ साली 'नेचर' या नियतकालिकात दाखविण्यात आले. एचआयव्हीच्या जनुकसाखळीच्या टोकाशी एलटीआर नावाचा भाग असतो. तो जणू चालू-बंद करण्याची कळच होय. हर्पिसची सुरुवातीची प्रथिने ही कळ दाबतात. हा पुरावा भक्कम आहे, याबद्दल वाद नाही.

आक्षेप

परंतु काचपात्रातील पेशी म्हणजे शरीर नव्हे. हर्पिस मुख्यतः त्वचेच्या व श्लेष्मल अस्तराच्या पेशींत वाढतो आणि मज्जापेशींत दडून राहतो. एचआयव्ही मात्र सीडी-४ लिंफपेशी व भक्षकपेशींत राहतो. दोघांची घरे निराळी असल्याने एकाच पेशीत त्यांची गाठ पडणे हा नित्याचा प्रकार मानता येत नाही. शिवाय हर्पिस ज्या पेशीत वाढतो ती पेशी थोड्याच अवधीत मरते.

औषधाच्या चाचण्यांनीही सावध केले. ॲसायक्लोव्हिरने हर्पिस दाबल्यास एचआयव्हीचा प्रसार घटेल, अशी अपेक्षा होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आफ्रिकेतील ३,४०८ जोडपी होती. त्यांतील एका जोडीदाराला दोन्ही लागणी होत्या, तर दुसरा एचआयव्हीमुक्त होता. औषधाने व्रण ७३ टक्क्यांनी घटले, रक्तातील एचआयव्हीही कमी झाला. तथापि जोडीदाराकडून झालेल्या लागणी औषध घेणाऱ्या गटात ४१ आणि न घेणाऱ्या गटात ४३, म्हणजे जवळपास सारख्याच राहिल्या.

रक्तातील घटीचा अर्थही सरळ नाही. हर्पिस कुळातील विषाणूंनी बाधित ऊतींत ॲसायक्लोव्हिरचे सक्रिय रूप तयार होते व ते एचआयव्हीच्या विकरालाच रोखते, असे २००८ साली दिसून आले. म्हणजे घट हर्पिस दबल्यामुळे झाली की औषधाच्या थेट परिणामामुळे, हे केवळ आकड्यांवरून ठरत नाही.

अधिक पटणारे उत्तर २००९ च्या ऊती-परीक्षणांत मिळते. व्रण भरून आल्यानंतर, औषध चालू असतानाही, त्या जागी सीडी-४ पेशी कित्येक आठवडे गोळा झालेल्या राहतात. एचआयव्हीला हव्या असलेल्या पेशी तेथे आयत्याच मिळतात. येथे दोन विषाणू एका घरात नसून शेजारी आहेत.

समारोप

पेशी, ऊती आणि समाज या तीन पायऱ्या आहेत. एका पायरीवरचे सत्य दुसरीवर गृहीत धरता येत नाही. विद्यार्थ्यांना हा विषय शिकविताना हे भान ठेवले पाहिजे. व्यवहारातही याचे महत्त्व आहे : हर्पिसची गोळी घेतो म्हणून एचआयव्हीपासून सुरक्षित आहोत, असे कोणीही समजू नये. निरोधचा वापर, वेळेवर तपासणी आणि बाधितांना नियमित एआरटी उपचार हेच खात्रीचे मार्ग आहेत.