कुलूची वंशावळ, पडक्या गढ्या आणि मणिकर्णाचें उष्णोदक

हचिसन आणि फोगल यांनीं रचिलेला पंजाबी पहाडांतील संस्थानांचा इतिहास १९३३ सालीं दोन खंडांत निघाला. त्या प्रदेशाविषयीं लिहूं इच्छिणारास तो अद्यापि टाळतां येत नाहीं. आम्ही येथें त्यांतील कुलूच्या प्रकरणापुरतेंच लिहितों.

कुलूच्या जुन्या राजांची हकीकत मुख्यतः वंशावळीवर उभी आहे. 'पाल' उपपदाचे राजे संपून १५०० च्या सुमारास सिद्धसिंहापासून 'सिंह' हें उपपद सुरू होतें. येथून पुढें वंशावळीस लेखाचा आधार मिळतो. मनालीजवळील हिडिंबेच्या देवळाचा लेख बहादुरसिंहाचा असून १५५३ चा आहे. परंतु तेवढ्यावरून मागील सारी पालमालिका प्रमाण धरणें योग्य नव्हे. बखरीचा शेवट अस्सल पत्रांशीं जुळला म्हणून तिचा आरंभ आपण खरा मानीत नाहीं.

नग्गरचा वाडा सिद्धसिंहानें सुमारें १४६० त बांधिला, असें सर्रास छापलें जातें. वर सांगितलेल्या कालगणनेशीं याचा मेळ बसत नाहीं. यांपैकीं एक तरी सोडलें पाहिजे. बियासेपलीकडील बडागढच्या पडक्या गढीचे दगड माणसांची रांग लावून हातोहात नदीपार आणिले, अशी दंतकथा मात्र तपासण्याजोगी आहे. दोन्हीं ठिकाणचा दगड व घडाई ताडून पाहिली म्हणजे झालें.

सर्वांत महत्त्वाची कथा जगत्सिंहाची (१६३७–७२). टिपरी गांवच्या दुर्गादत्त नामक ब्राह्मणाजवळ मोतीं आहेत, अशी चहाडी राजाकडे गेली. मणिकर्णाच्या यात्रेस निघालेल्या राजानें तीं मागितलीं. ब्राह्मणानें घरादारासह स्वतःस जाळून घेतलें. त्या पापाच्या निष्कृतीसाठीं अयोध्येहून रघुनाथाची मूर्ति आणवून राजानें राज्य तिला अर्पण केलें, आणि पुढें राजधानी मकडशाहून सुलतानपुरास गेली. मकडसा आज अवशेषरूप आहे. मणिकर्णीं पार्वती नदीच्या कांठीं झऱ्याच्या कढत पाण्यांत यात्रेकरू अद्यापि तांदूळ शिजवितात. आमच्या मतें या कथेंतील चमत्कारांहून तींतली वाट अधिक मोलाची आहे: राजधानी, गांव व तीर्थ हीं तिन्हीं प्रत्यक्ष भूमीवर दाखवितां येतात. ब्राह्मण जळाला कीं नाहीं हें कदाचित् कधींच ठरणार नाहीं. पण रघुनाथास व गांवदेवांस जमिनी केव्हां, कोणत्या गांवीं लागल्या, हें दानपत्रांवरून ठरूं शकेल.

हारकोर्टच्या १८७१ च्या इंग्रजी पुस्तकांतील राजावलीवर संग्राहकांनीं समाधान मानूं नये. प्रथम टांकरी लिपि शिकावी, आणि देवस्थानांच्या भांडारांतील कागद गांवाच्या नांवासह जसेच्या तसे उतरून घ्यावे.