बारामती ते सराटी : एका वेळापत्रकाची गोडी

प्रवास कसा आखावा हे शिकायचं असेल, तर तुकाराम महाराजांच्या पालखी सोहळ्याचं वेळापत्रक वाचावं. आषाढी वारीच्या आधी ते दर वर्षी वर्तमानपत्रांत छापून येतं. तारीख, विसाव्याची गावं, रात्रीचा मुक्काम, एवढाच त्यातला मजकूर. वरवर पाहिलं तर रूक्ष. पण त्यातल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या ओळी सावकाश वाचल्या, की ही एक विलक्षण रेखीव रचना आहे हे कळतं. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली हा सोहळा सुरू केला. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्यांच्या चालण्याने ही रचना घासूनपुसून लखलखीत झाली आहे.

तिचं पहिलं सौंदर्य असं, की ती शेवटाकडून मांडलेली आहे. देहूहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीला आणि पंढरपुरात प्रवेश आषाढ शुद्ध दशमीला. एकादशी चुकून चालणार नाही. पण पंचांगातल्या तिथी काही दर वर्षी सारख्या नसतात. कधी एखादीची वृद्धी, कधी क्षय. मग वाटेत कुठेतरी सैल जागा हवी. ती इंदापूर तालुक्यात सापडते. सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी ही गावं एका ओळीत, जवळजवळ आहेत. काही वर्षी अंथुर्ण्याला मुक्काम पडतो, काही वर्षी नुसता विसावा घेऊन पालखी निमगाव केतकी गाठते. एका गावाच्या मागेपुढे होण्यात दिवसाचा हिशेब बसतो आणि बाकीच्या रचनेला धक्का लागत नाही. ज्या प्रवासात अशी एकही सैल जागा नसते, तो पहिल्याच उशिराने विस्कटतो.

दुसरं सौंदर्य लयीचं. रोटी घाट चढून पालखी उंडवडी गवळ्याची इथे येते. हा बारामतीचा जिरायती भाग; पावसाने ओढ दिली की ओसाड दिसणारा. दुसऱ्या दिवशी कऱ्हाकाठची बारामती. मोरोपंतांचं हे गाव आता मोठी बाजारपेठ आहे. दिंड्यांचं सामान भरायचं, दुखणाऱ्या पायांना औषध लावून घ्यायचं, तर शहराचा मुक्काम नेमका इथेच हवा. तिथून पुढे नीरा डाव्या कालव्याचा ऊसपट्टा सुरू होतो. कोरड्या माळानंतर शहर आणि शहरानंतर हिरवं रान, हा क्रम उलटा असता तर चालणाऱ्याला इतका दिलासा मिळाला नसता.

आणि सर्वांत मोहून टाकणारी गोष्ट म्हणजे या टप्प्यात साठवणीचे प्रसंग कसे वाटून दिले आहेत ती. बारामती सोडल्यावर काटेवाडी येते. तिथे पालखी रथातून उतरवून खांद्यावर घेतात आणि परीट समाज तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतो. मग धनगरांच्या मेंढ्या रथाभोवती धावत प्रदक्षिणा घालतात. मेंढरांना रोगराई होऊ नये, ही त्यामागची श्रद्धा. ज्याच्याकडे जे आहे तेच त्याने देवापुढे ठेवावं, ही भावना इतकी उघडपणे क्वचितच पाहायला मिळते. त्या दिवसाला एवढं पुरे. रात्री सणसर.

पुढचा प्रसंग बेलवडीचा. सोहळ्यातलं पहिलं गोल रिंगण इथे होतं. पताकाधारी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी, टाळकरी असे एकामागून एक गोलात धावतात आणि मग अश्व सुटतात. अश्वाच्या टापांखालची माती कपाळी लावायला झुंबड उडते. रोजची सरळ वाट इथे वर्तुळ होते; ज्यांचे पाय दहा-बारा दिवस चालून थकलेत, तेच आनंदाने धावायला लागतात. थकवा घालवायला नेहमी झोपच लागते असं नाही, हे रचनाकारांना पुरतं कळलेलं होतं.

निमगाव केतकीहून इंदापूरची वाट लहान आहे. ती मुद्दाम तशी असावी असं वाटतं, कारण इंदापुरात पुन्हा गोल रिंगण आहे. अंगात ताकद उरली तरच रिंगण रंगतं. सराटीला पोहोचलं की गाजावाजा थांबतो. तिथे नीरा आहे. पालखी निघायच्या वेळी पादुकांना नीरेचं स्नान घडतं आणि सोहळा अकलूजच्या वाटेने सोलापूर जिल्ह्यात जातो. मेंढ्या, अश्व, मग पाणी. प्रत्येक प्रसंगाला त्याचा स्वतंत्र दिवस मिळतो, एक दुसऱ्यावर चढत नाही. ख्यालात जसा बढतीनंतर समेवर विसावा येतो, तशी नीरा इथे येते.

आता याच वाटेवर पाटस ते तोंडले-बोंडले असा सुमारे 130 किलोमीटरचा पालखी महामार्ग आहे. त्याचं भूमिपूजन 8 नोव्हेंबर 2021 रोजी झालं. चालणाऱ्यांसाठी त्याच्या कडेने वेगळी वाट आखली, ही मोठी चांगली गोष्ट झाली. गाडीने हे अंतर दोन-अडीच तासांत संपतं. पण लवकर पोहोचल्याने प्रवास रंगतो असं नाही. थांबे निवडावे लागतात, आणि त्यासाठी पालखीचं वेळापत्रक हाताशी ठेवण्यासारखं आहे.

हिवाळ्यात या भागात यायचं असेल तर त्याच रीतीने आखा. मुक्काम बारामतीत ठेवा. एक सकाळ कडबनवाडीच्या माळरानावर चिंकाऱ्यांसाठी, दुसरी भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांसाठी, आणि शेवट नीरा नरसिंहपूरला, भीमा-नीरेच्या संगमावर. शेवटची जागा आधी ठरवा, दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेवा, मोठ्या दिवसाच्या आधीची मजल लहान ठेवा आणि एक दुपार मोकळी सोडा. त्या दुपारी काय करायचं, हे वाटेतल्या गावाला ठरवू द्या. बेलवडीचं रिंगण ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांनी मात्र हिवाळ्याची वाट न बघता येत्या आषाढी वारीतच या वाटेला लागावं.