शेगावची चिलीम

दासगणूंच्या 'श्रीगजाननविजय' (१९३९) या ग्रंथाचे अकोला-अमरावतीकडे घरोघर पारायण होते. पण तिसऱ्या अध्यायातील गांजापाशी वाचणारा थबकतो. काशीचा गोसावी नवसाचा गांजा आणतो. महाराज त्याच्या प्रेमाखातर तो घेतात. महाराज व्यसनापासून अलिप्तच राहिले, असा खुलासा कवी लागलीच जोडतो. म्हणजे मोठेपण दिले ते भक्ताच्या भावाला, धुराला नव्हे.

अमेरिकेतील आदिवासींच्या एका पंथात पेयोटे नावाचे निवडुंग हाच प्रसाद. तेथे १९९४ च्या कायद्याने त्या विधीला संरक्षण दिले. आपल्या १९८५ च्या कायद्यात गांजाला अशी धार्मिक सवलत नाही. तिची उणीव कशाला वाटावी? महाराजांचे नाव पुढे करून चिलीम ओढणाऱ्याने हा अध्याय पुन्हा वाचावा. त्यात नवस गोसाव्याचा आहे, महाराजांची आज्ञा कोठेच नाही.